तळी पाहायला निघालो होतो

पहिला दिवस, बुधवार

शिरीष आणि अनघा इंदूरहून आले ते यादी घेऊनच. शिरीष माझा चुलतभाऊ. त्याच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या धाकट्या काकांनी, पुणं सोडलं त्याला पन्नास वर्षं होऊन गेली, त्यामुळे त्याचं पुणं सगळं मोबाईलमधलं. यादीत पाच नावं होती: खडकवासला, पानशेत, लवासा, मुळशी, भाटघर. "ताई, पाच दिवस, पाच तळी. देवळं नकोत, म्युझियम नको. फक्त पाणी आणि डोंगर."

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याला पाणी बघायला आलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

उतरले ते आमच्याकडे, बावधनला. आमच्या सोसायटीच्या नावात 'लेक' आहे. तळं कुठेच नाही. मराठीत वाचलं तर लेक तरी सापडते, पण बहुतेकांची ती परदेशात असते. निळ्या फरशीचा पोहण्याचा तलाव आहे आणि गेटवर सकाळी सहापासून टँकर उभे असतात. अनघाने बाल्कनीतून आधी तलावाचा फोटो काढला, मग तिला टँकर दिसले. "आग लागलीये का?" तिने विचारलं. मी म्हटलं, नाही, आंघोळी चालू आहेत.

गाडी ठरवली होती दत्ताभाऊंची. आमच्या सोसायटीत निम्म्या लोकांना विमानतळावर तेच सोडतात. मुळशीकडचे आहेत एवढंच मला माहीत होतं.

दुपारी शनिवारवाडा. यादीत नसूनही गेलो, कारण आत्याकडे जायला चार वाजायचे होते. १७३२ साली वास्तुशांत झालेल्या या वाड्याची आज जोती उरलीत आणि हिरवळ. लाकडी मजले १८२८च्या आगीत गेले. दिल्ली दरवाजाच्या खिळ्यांपाशी उभं राहून एक जण पाहुण्यांना अमावास्येच्या रात्री ऐकू येणारी 'काका मला वाचवा' ही हाक काढून दाखवत होता, हुबेहूब. पोरं खिदळत होती. ३० ऑगस्ट १७७३ला, ऐन गणपतीत, गारद्यांनी नारायणरावाला मारलं तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. त्या काकाला तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगणाऱ्या रामशास्त्र्यांचं नाव काही त्या माणसाने घेतलं नाही. हाकेला टाळ्या मिळतात, निवाड्याला कुठून मिळणार?

आत्या नारायण पेठेत राहते, आमच्या जुन्या वाड्याचा जो भाग उरलाय त्यात. वय चौऱ्याऐंशी. लग्न केलं नाही, शाळेत गणित शिकवलं. गेलो तेव्हा ती पाणी भरत होती. दुसऱ्या दिवशी गुरुवार, म्हणजे पाणी बंद. शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने. पुण्याबाहेरच्या माणसाला हे वाक्य समजावून सांगावं लागतं. पिंप, तीन बादल्या, कळशी, घंगाळ, कुकरचं भांडं, दोन पातेली आणि गणपतीच्या वेळी लागतो तो मोठा तांब्या, सगळं काठोकाठ भरून ताटल्यांनी झाकलेलं. भरायच्या आधी तिने कालचं पाणी मोरीत ओतून टाकलं.

"ते का ओतलंत?" अनघा.

"शिळं होतं."

शिरीष हसला. मी नाही, कारण मीही ओतते.

चहा झाल्यावर आत्याने त्याला मागच्या भिंतीवरची खूण दाखवली. दगडी भिंत, चुन्याचे दर्जे, आणि माझ्या डोक्याच्या वर हातभर अंतरावर खिळ्याने ओढलेली आडवी रेघ. शेजारी '१२ जुलै १९६१'. माझ्या वडिलांचं अक्षर. मी लहानपणापासून ही रेघ बघत आलेय, पण आत्याला पाहुण्यांसमोर सांगताना पहिल्यांदाच नीट ऐकलं.

"मी वीस वर्षांची. पोळ्या लाटत होते. गल्लीतून कोणीतरी 'धरण फुटलं, धरण फुटलं' ओरडत सायकलवरून गेलं. रेडिओवर काहीच नव्हतं, म्हणून वडील म्हणाले, अफवा आहे, पोळ्या कर. दुसऱ्या पोळीला मोरीतून पाणी वर आलं. नदीकडून नाही रे, मोरीतून आलं आधी. मग सगळे मागच्या माडीवर. पुढचे दोन चौक आमच्या डोळ्यांदेखत बसले. आवाजसुद्धा झाला नाही मोठा, भिजलेली पोळी बसते तसे बसले."

"आणि हा भाग?"

"हा राहिला. हा दगडाचा. पुढचं सगळं मातीचं, पेशवाईतलं. हा भाग आजोबांनी मागाहून बांधला, मुळशीची जमीन गेली तेव्हा. त्याचे पैसे आले ना सरकारातून."

शिरीषने माझ्याकडे पाहिलं. "आपली मुळशीला जमीन होती?"

"होती म्हणजे गहाण होती आपल्याकडे," आत्या म्हणाली. "सुटली नाही. मग आपलीच."

आणि ती घंगाळावर ताटली सरकवायला उठली.

दुसरा दिवस, गुरुवार

सिंहगड रस्त्याने खडकवासला. गुरुवार असल्याने चौपाटीला गर्दी नव्हती, तरी भाजलेल्या कणसांचा धूर आणि कांदाभजीचा वास होताच. पलीकडे एनडीएचं हिरवंगार रान. पाणी बरंच आत गेलं होतं. काठाला चिखल वाळून भेगाळलेला, त्यात चपलांचे एकेकटे जोड रुतलेले. शिरीषचा चेहरा पडला. मी सांगितलं, पुण्याला पाणी देणारी मुख्य धरणं चार, पानशेत, वरसगाव, टेमघर आणि हे. भरली की मिळून २९ टीएमसी, म्हणजे २९ अब्ज घनफूट, आणि त्यात या खडकवासल्याचा वाटा जेमतेम दोन. हा नुसता माठाचा नळ. माठ वर आहे, चला.

पानशेतला पोचायला बारा वाजले. बोटिंग बंद होतं. पाण्याची पातळी उतरल्यामुळे डोंगराच्या पायथ्याशी तांबड्या मातीच्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या, पाणी जसजसं हटत गेलं तसतशी एकेक. लांबून पाहिलं तर खूप देखणं. शिरीषने ड्रोन आणला नव्हता म्हणून स्वतःला शिव्या घातल्या.

या धरणाची गोष्ट पुण्यात सगळ्यांना अर्धीच माहीत असते. आंबी नदीवरचा हा मातीचा भराव. काम पुरं व्हायच्या आधीच १९६१च्या पावसाळ्यात पाणी साठवलं. पाणी सोडायच्या विमोचकाचं काम अपुरं होतं, तिथेच भराव खचायला लागला. ११ जुलैच्या रात्रभर लष्कराचे जवान पावसात पोत्यांवर पोती रचत होते. त्या पोत्यांनी धरण वाचलं नाही, पण रात्र वाचली. लोंढा शहरात शिरला तो दिवसाउजेडी, लोक जागे असताना. पानशेतच्या लोंढ्याने खालची खडकवासल्याची जुनी दगडी भिंतही फोडली. म्हणजे पूर ओसरल्यावर पुण्याजवळ पाणीच नव्हतं. आत्या सांगते, घराघरांतल्या बुजवत आणलेल्या आडांवर रांगा लागल्या. चौकशीला नेमलेल्या न्यायमूर्ती बावडेकरांनी चौकशी चालू असतानाच आत्महत्या केली. पुढे न्यायमूर्ती नाईकांनी काम पुरं केलं. आज जिथे बंगल्यांचे भाव ऐकून घाम फुटतो त्या सहकारनगरात, शिवाय गोखलेनगरात, लोकमान्यनगरात पूरग्रस्तांना वसवलं, आणि त्यांच्या सोसायट्या जमिनीच्या मालकीहक्कासाठी कित्येक दशकं खेटे घालत राहिल्या.

हे सगळं मी शिरीषला जरा रंगवून सांगत होते. दत्ताभाऊ बॉनेटला टेकून ऐकत होते. मी थांबल्यावर म्हणाले, "ताई, माझ्या आईचं माहेर इथलं. त्या तिकडं, पाण्यात. मामांना दौंडकडं जमीन दिली."

"पुरात गेलं?"

"पुरात न्हाई. धरणात." ते थोडं थांबले. "पूर तुमच्याकडं आला. आमच्याकडं नुसतं पानी चढलं."

१२ जुलै आली की पुण्यातल्या वर्तमानपत्रांत फोटो येतात, लकडी पुलाचे, पडक्या वाड्यांचे. या खोऱ्यात पाणी चढलं त्याची तारीख कुठली धरायची? ते रोज थोडं चढत होतं. आधी नदीकाठची खाचरं, मग विहीर, मग मारुती, मग ओटा.

पानशेतच्या जलाशयाचं नाव आता तानाजीसागर. शेजारच्या वरसगावचं वीर बाजी पासलकर. बाजी पासलकर मोसे खोऱ्याचे देशमुख, आणि वरसगाव धरण मोसे नदीवरच आहे. त्यांच्याच खोऱ्यावर पाणी घालून त्या पाण्याला त्यांचं नाव दिलं. नाव मावळ्याचं आणि मावळे दौंडला. हे मी मोठ्याने बोलले नाही. दत्ताभाऊंनी ते कधीच बोलून दाखवलं असणार, मला शिकवायची गरज नव्हती.

येताना अनघाने आळूचं फतफतं कुठे मिळेल विचारलं. मिळालं नाही.

तिसरा दिवस, शुक्रवार

लवासा. चांदणी चौकातून पिरंगुट, मग टेमघर धरणाच्या अंगाने घाट. घाट चढून पलीकडे उतरायला लागलो आणि खाली दासवे दिसलं: पिवळी, भगवी, विटकरी घरं, कमानी, पाण्याकाठी फरसबंदी. अनघा म्हणाली, "इटली!" तेच अपेक्षित आहे. पोर्टोफिनो नावाच्या इटालियन गावावरून हे बेतलंय आणि रस्त्यालाही ते नाव आहे.

जवळ गेल्यावर पोपडे दिसतात. भगव्या भिंतींना पावसाच्या ओघळांचे काळे डाग, गच्चीतून पिंपळ, गॅलरीच्या लोखंडाला गंज. वीकएंडची चार हॉटेलं चालू, बाकी शटरं. एका दुकानाच्या काचेवर आतून जुनी वर्तमानपत्रं चिकटवली होती आणि उन्हाने ती चहाच्या रंगाची झाली होती. शिरीषने भुतांच्या शहराचा व्हिडिओ केला. असे शेकडो व्हिडिओ आधीच आहेत आणि सगळ्यांत एकच सूर असतो: अरेरे, केवढं सुंदर स्वप्न होतं.

कोणाचं होतं, हा प्रश्न मात्र त्या व्हिडिओंत नसतो. डोंगरातलं हे खाजगी शहर मुळशी आणि वेल्ह्याच्या गावांमध्ये आखलं गेलं, वरसगावच्या पाण्याच्या शेपटाला. ज्या खोऱ्यातली माणसं धरणासाठी एकदा उठवली, त्याच खोऱ्यात उरलेल्यांच्या जमिनीवर हा दुसरा नकाशा पसरला. कातकऱ्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या तक्रारी गेल्या, मोर्चे निघाले. २०१० साली केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने नोटीस काढली, वर्षभराने अटींवर परवानगी दिली. २०१८मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढे गेली. ज्यांनी फ्लॅट घेतले तेही अडकले, आमच्या बँकेतल्याच दोघांनी फंडाचे पैसे घातले होते. त्यांच्याबद्दल मला वाईट वाटतं. पण त्यांच्याकडे करारनामा होता, वकील होता, रडायला वर्तमानपत्राचा रकाना होता.

पाण्याकाठी एक सुरक्षारक्षक झाडाखाली डबा खात होता. इथलाच, वरच्या वस्तीतला. त्याला विचारलं, आधी या जागी काय होतं? तो म्हणाला, "नाचणी." मग जरा विचार करून, "आन् वरई." पुन्हा डब्यात बघायला लागला.

उन्हामुळे लवकर निघालो. या दिवसाबद्दल याहून जास्त काही लिहिण्यासारखं नाही. आईस्क्रीम बरं होतं.

चौथा दिवस, शनिवार

मुळशीला जायच्या आधी मी रात्री जागून थोडं वाचलं होतं. आत्याचं ते 'सुटली नाही, मग आपलीच' डोक्यातून जात नव्हतं.

मुळा आणि नीला या दोन नद्यांच्या खोऱ्यातलं हे मुळशी पेट्याचं पाणी पुण्याचं नाही आणि सरकारचंही नाही. पहिल्या महायुद्धानंतर टाटा कंपनीने मुंबईला वीज द्यायला इथे धरण बांधायला घेतलं. जमीन १८९४च्या भूसंपादन कायद्याने घेतली. १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, मावळे कामावर जाऊन बसले. जान किंवा जमीन. पुढे होते पांडुरंग महादेव बापट. सेनापती हे बिरुद त्यांना इथे लागलं. तीनेक वर्षं हे चाललं. शेवटी कामावरची आगगाडी अडवल्याबद्दल बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि धरण पुरं झालं.

धरणविरोधी लढ्यांच्या कुठल्याही यादीत मुळशीचं नाव पहिल्या ओळीत असतं, आणि पुण्याला त्याचा अभिमान आहे. आंदोलन फुटलं कशाने, ते जरा खालच्या आवाजात सांगितलं जातं. खोऱ्यातल्या कितीतरी जमिनी पुण्यातल्या सावकारांकडे गहाण पडून त्यांच्याच नावावर गेल्या होत्या. कसणारा कूळ म्हणत होता जमीन द्यायची नाही. कागदावर नाव असलेला पुण्यातला मालक म्हणत होता, भाव बरा मिळवू. मोबदला कागद बघून मिळतो.

पिरंगुट, पौड, मग मुळशी. पौडला मिसळ खाल्ली, तिची शिक्षा पुढे येईलच. धरणाच्या भिंतीजवळ थांबता येत नाही, पाट्या आहेत. ताम्हिणीच्या रस्त्याने पुढे गेलं की उजवीकडे-डावीकडे पाणी दिसत राहतं, आणि खरं सांगते, या पाचांत सगळ्यांत सुंदर हेच. मे महिन्यातही निळं. काठाने रिसॉर्टं, त्यांच्या कड्याला टेकलेले तलाव, तलावातून पुन्हा तळं दिसेल अशी सोय. अनघाला ताम्हिणीपलीकडे कोलाडला राफ्टिंग करायचं होतं. राफ्टिंगचं पाणी हेच: मुळशीतून बोगद्याने सह्याद्री फोडून सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात पडतं आणि मग कुंडलिकेत सोडतात. भिऱ्याची जनित्रं फिरली की होड्या चालतात. पूर्वेला जायची नदी पश्चिमेला वळवलेली. वेळ जमत नव्हती म्हणून राफ्टिंग राहिलं.

"घरी चहाला या," दत्ताभाऊ म्हणाले. "आई म्हणत होती, रोज लोकांना फिरवतो, घरी कोणाला आणत न्हाई."

गावाचं नाव लिहू नका म्हणाले, म्हणून लिहीत नाही. मूळ गाव पाण्यात. हे वरचं, उतारावर सरकलेलं. अंगणातून तळं असं दिसतं की आमच्या सोसायटीने त्याचे चौरस फुटाला किती लावले असते ते शिरीषने मनातल्या मनात काढलं असणार. मी काढलं.

आम्ही पोचलो तेव्हा गावाच्या विहिरीवर टँकर लागला होता. टँकर घरोघर जात नाही. त्याचा जाड निळा पाइप विहिरीत सोडतात, अर्ध्या तासात गढूळ पाणी भरतं आणि मग बायका दोराने शेंदून घेतात. म्हणजे आधी विहिरीत ओतायचं, मग विहिरीतून काढायचं. एका मुलीने कळशीच्या तोंडावर ओढणीचा पदर धरून पाणी गाळलं. तिच्या मागे, दोन शेतं खाली, निळंशार तळं चमकत होतं.

"खालचं का नाही घेत?" अनघाने विचारलं. विचारायला नको होतं, पण कोणीतरी विचारायला हवंही होतं.

दत्ताभाऊंच्या आईने कपाळावर हात धरून खाली पाहिलं, जणू तिलाही नव्यानेच दिसत होतं. "दिसाया हाय ते," ती म्हणाली. "काठ कंपनीचा. खालून आनायचं म्हंजे ह्यो चढ. पंप बसवायचा तर कागूद लागतो. मी लगीन करून आले तवा घरात चिमनी व्हती. हितल्या पान्याची लाईट म्हमईला, आन् आमी चिमनीत."

चहा झाला. पाणी तिने दिलं आणि मी ते सगळं प्यायले, तळाशी राहिलेल्या मातीसकट. शिरीषने अर्धं ठेवलं.

मग ती तिच्या सासऱ्यांचं सांगायला लागली. त्यांनी लहानपणी सत्याग्रह पाहिलेला, वडिलांच्या खांद्यावर बसून. खालची खाचरं आंबेमोहोराची. भात शिजला की वास चार घरं जायचा. तो सगळा मळा खाली गेला. आता वर जे पिकतं त्याला तो वास नाही, ती म्हणाली, पण आहे जरासा. मी विचारलं, पैसे मिळाले का तेव्हा?

"कुनाला? आमी कूळ. खंड घालायचो. पैसं सावकाराला मिळालं. पुन्याचा व्हता. नारायन पेठंचा का सदाशिव पेठंचा, बामनच व्हता." तिने माझ्याकडे पाहिलं आणि घाईने म्हणाली, "तुमी न्हाई वो. लई जुनी गोष्ट."

मी काहीच बोलले नाही. बोलण्यासारखं होतं. नाव विचारता आलं असतं. म्हातारीला कदाचित आठवलंही असतं, सावकाराचं नाव तीन पिढ्या विसरत नाहीत. शिरीष मोबाईलमध्ये बघत होता. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, आमच्या घरात सगळ्यांच्या होतात.

निघताना तिने एक पिशवी दिली, जुन्या साडीच्या कापडाची, वर सुतळी. आंबेमोहोर, घरचा, हातसडीचा. पैसे देऊ केले तर तिने हात मागे घेतले. पोचेपर्यंत गाडीत तो वास होता, डिझेल आणि एसीच्या वासातूनही.

पाचवा दिवस, रविवार

भाटघर राहिलं. पौडच्या मिसळीने शिरीषला रात्रभर उभं ठेवलं. भाटघरच्या पाण्यात कांबरेश्वराचं देऊळ आहे, वर्षातले दहा महिने बुडालेलं, मेअखेरीला बाहेर येतं. ते बघायची मलाच जास्त हौस होती. नीरेच्या कालव्यांनी ते पाणी बारामती-फलटणच्या उसाला जातं आणि देव आपला पाणी उतरायची वाट बघतो. पुढच्या उन्हाळ्यात.

सकाळी अनघाला कोरेगाव पार्कात खरेदी करायची होती. ती दुकानात असताना दत्ताभाऊ मला जरा पुढे मुंढव्याकडे घेऊन गेले, "एक दाखवतो" म्हणून. नदी तिथे मुळा-मुठा झालेली असते. बंधाऱ्याखाली पांढरा फेस, साबणाचा असावा तसा, वाऱ्याने त्याचे गोळे उडत होते. काठावर जॅकवेल, तिथे शहराचं वापरलेलं, प्रक्रिया केलेलं म्हणतात ते पाणी उचलून जुन्या कालव्यात सोडतात. बेबी कालवा म्हणतात त्याला. तो हडपसर, लोणी काळभोर, उरुळी कांचन करत दौंड तालुक्यात जातो.

"मामांच्या शेताला हेच येतं," दत्ताभाऊ म्हणाले. "पानशेतचं पाणी तुमी प्यायचं, मग ते इथनं त्यांना. आलं का लक्षात? त्यांचंच पाणी हाय, फिरून गेलं." ते हसले. विनोद म्हणून चांगला होता. त्यांनी तो आधीही बऱ्याच गिऱ्हाइकांना सांगितला असावा, पण नदीवर आणून नाही.

दुपारचं जेवण आत्याकडे. शिरीषला मऊ भात हवा होता, म्हणून मी ती पिशवी तिथेच उघडली. आत्याने मूठभर तांदूळ तळहातावर घेऊन खिडकीशी नेले, नाकाशी धरले, आणि तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला.

"मुळशीचा."

"कसं ओळखलंस?"

"मी कुठली खायला, माझ्या जन्माआधीच बंद झाला होता. आजी सांगायची. दिवाळीनंतर बैलगाड्या यायच्या, पोती थेट मागच्या कोठीत उतरायची, आणि उतरवणाऱ्यांना ओसरीवर ताक द्यायचे, द्रोणात. वाटीत नाही." तिने तांदूळ पातेल्यात टाकले, पाणी घातलं. शुक्रवारचं, शिळं झालेलं होतं, पण ते तिच्या लक्षात आलं नाही. "कितीला घेतलास?"

"दिला. दत्ताभाऊंच्या आईने. पैसे घेतले नाहीत."

"हो का?" आत्याने पिशवी हातात तोलून पाहिली. "दोनच किलो आहे."